बत्तीसची कंबर

"मॅडम, टेप खाली घ्या. पट्टा असतो तिथे कंबर असते!" मधुकर म्हणाला आणि हॉलभर नजर फिरवून हसला.

रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्या नलिनीने कपाळाला हात लावला. नवऱ्याचं हे पट्टापुराण ती लग्नापासून ऐकत आली होती. "लग्नात बत्तीसची पँट, आजही बत्तीसचीच," हे त्याने हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनासुद्धा ऐकवलं होतं. पँट बत्तीसचीच होती, त्यात खोटं काही नव्हतं. फक्त लग्नात ती बेंबीवर होती आणि आता पोटाखाली घसरली होती. भर पावसात उभा केला असता तरी पट्ट्याचं बक्कल कोरडं राहिलं असतं. हात काड्या, पाय काड्या, मध्ये हे गाठोडं, आणि हा माणूस स्वतःला सडपातळ म्हणवून घेतो! धन्य!

बोरीवलीच्या त्यांच्या सोसायटीत त्या रविवारी तपासणीचं शिबिर होतं. मधुकर स्वतःला तपासून घ्यायला आलाच नव्हता, तो आला होता जाड्यांची मजा बघायला. तिसऱ्या मजल्यावरचे चंद्रप्रकाशभाई काट्यावर चढले तेव्हा "भाई, सांभाळून, काटा भाड्याचा आहे!" असं हाच ओरडला होता. "आमच्या हिला दोन टेप लागतील," हेही सांगून झालं होतं. चंद्रप्रकाशभाई शहाणे. त्यांनी हसून सोडून दिलं, काट्याशेजारच्या मशीनच्या दांड्या हातात धरून पोटातली चरबी मोजून घेतली आणि दुसऱ्या दिवशीच्या रक्ततपासणीला नावही घातलं. मधुकर मशीनच्या जवळ फिरकला नाही. टेपपुढे तो उभा राहिला तो केवळ बत्तीसचा आकडा चारचौघांत ऐकायला.

"काका, टेप बेंबीच्या रेषेत धरायची असते," तपासणारी तरुण डॉक्टर, श्रुतिका, शांतपणे म्हणाली. "आणि श्वास सोडा."

मधुकरने श्वास ओढून धरला. पोट आत, छाती बाहेर, तोंड लालबुंद.

"काका, सोडा ना."

"सोडलाय की," तो कसाबसा म्हणाला.

मागे रांग खोळंबली होती. श्रुतिकाने नाद सोडला आणि सगळ्यांनाच ऐकू जाईल असं सांगितलं, "वजनकाट्याच्या आकड्यावर जाऊ नका. हातपाय बारीक असले तरी पोटाच्या आत चरबी साठते, आणि तीच वाईट. साखर, बीपी, सगळं हळूहळू बिघडतं नि कळत नाही. लवकर कळलं तर खाणं सांभाळून, चालून सावरता येतं. घरी बघायचं असेल तर आपल्या उंचीएवढी दोरी घ्या आणि मधोमध दुमडा. ती पोटाभोवती आरामात पुरली पाहिजे. नाही पुरली तर उद्या उपाशीपोटी रक्त द्यायला या."

"दोरी! यांच्यापेक्षा आमचा टेलर बरा!" मधुकर खो खो हसला. हसताना पोट सुटून पुढे आलं, पण तोवर टेप मागच्या नलिनीकडे वळली होती.

जिन्यात नलिनीने तोंड सोडलं. "लाज नाही वाटत? लेकीच्या वयाची ती पोरगी, आणि तिच्यापुढे बेडकासारखे फुगून उभे होतात!"

"मला काय धाड भरलीय गं? आमच्यात जाडं कुणी नाही. दादाला बघ, शेवटपर्यंत कसा काडीसारखा..."



"बघितलंय मी भावोजींना," नलिनी म्हणाली. "शेवटपर्यंत."

सहदेव, मधुकरचा थोरला भाऊ, मुलुंडला राहायचा. अगदी असाच होता, काड्यांवर गाठोडं. दुखणं असं कधी नाही, म्हणून तपासणीही कधी नाही. छातीत कळ येऊन हॉस्पिटलात नेलं तेव्हा साखर किती चढलीय ते पहिल्यांदा कळलं, आणि त्याच संध्याकाळी सगळं संपलं. तेराव्यानंतर जाऊबाईंनी त्याच्या बऱ्यातल्या पँटी मधुकरला दिल्या. या शहाण्याने तिथल्या तिथे आतल्या खोलीत जाऊन एक चढवली आणि बाहेर येऊन म्हणाला, "बघ नलू, एक टाका मारायला नको. दादाचीही बत्तीसच!" जाऊबाई डोळे पुसत होत्या. नलिनीला नवऱ्याच्या अकलेची कीव आली होती आणि त्याच क्षणी त्याच्या पोटाकडे बघून ती घाबरली होती. ती भीती अजून गेली नव्हती. आज शिबिराला त्याने त्यातलीच राखाडी पँट घातली होती.

दुपारी गोराईच्या कोळणीकडचे बोंबील हाणून, वर भाताचा डोंगर फस्त करून मधुकर चटईवर उताणा पडला आणि घोरायला लागला. पट्टा सैल, बनियन वर सरकलेलं. नलिनी कपडे वाळत घालायची दोरी घेऊन आली. टाळूपासून टाचेपर्यंत तिने ती त्याच्या शेजारी ताणली, कापली आणि दुमडली. मग कमरेखालच्या फटीतून अलगद सरकवली. "झोपेत तरी खोटं बोलू नका," ती पुटपुटली.

दोन्ही टोकं बेंबीवर आणली. भेटेनात. मध्ये चांगलं चार बोटांचं अंतर राहिलं. तिने जरा ओढून पाहिलं, तरी भेटेनात.

मधुकरचे डोळे उघडे होते.

"घ्या आता आत," ती खेकसली. "ओढा श्वास! कोण बघतंय इथे?"

सवयीने त्याचं पोट आत गेलं. त्याने तिच्या हातातल्या दोरीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. नलिनी रडत होती. लग्नापासून जिभेचा पट्टा चालवणारी बाई हुंदका गिळत होती. त्याने श्वास सोडला. पोट पुन्हा वर आलं, आणि दोरीची टोकं तिच्या बोटांत लांब गेली.

"दादाचं असं कुणी मोजलं नव्हतं ना गं?"

"नाही."

त्याने सैल पट्टा ओढून काढला.

"उद्या सकाळी माझा चहा ठेवू नकोस," तो म्हणाला. "आणि ही पँट नको. माझी ती नाडीची काढून ठेव."

नलिनीला एरवी शंभर टोमणे सुचले असते. ती फक्त "बरं" म्हणाली. तो पोट सोडून तसाच पडून राहिला, आणि तिने दोरी गुंडाळली नाही, पुन्हा मोजायला हाताशी राहावी म्हणून खुंटीला अडकवली.