शेवटचा फ्यूज आणि वायरमनकाकांची दाढ

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. गल्लीच्या कोपऱ्यावर दोन खांबांच्या मध्ये बसलेला, पोटात तेल आणि अंगावर कावळ्यांची कृपा. मला बसवले तेव्हा गल्लीत बल्ब, पंखे आणि एक इस्त्रीवाला एवढाच पसारा होता. लोक येता-जाता माझ्याकडे कौतुकाने पाहायचे. आता घरोघरी एसी आहेत, विजेच्या शेगड्या आहेत, दारात गाड्यासुद्धा वायर लावून चरत असतात. मी मात्र तोच आहे. माझी आठवण फक्त लाईट गेल्यावर होते, तीही शिव्यांसकट.

परवा भर दुपारी उकाड्याने हैराण होऊन सगळ्यांनी एकदम एसी लावले आणि माझा फ्यूज उडाला. नेमके तेव्हाच आमचे वायरमनकाका समोरच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टरबाईंच्या खुर्चीत होते. दाढ अर्धी कोरून झाली होती आणि यंत्र बंद पडले. सुन्न गाल आणि तोंडात कापूस घेऊन ते बिचारे माझ्याकडे धावले.

त्यांनी फ्यूज घातला. उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. कारण आमच्या गल्लीत लाईट गेली की कोणी बटणे बंद करत नाही. का, तर आली की लगेच कळावी म्हणून! त्यामुळे वीज येताच अख्खी गल्ली माझ्यावर तुटून पडते. काकांना हे सांगायचे होते, पण जीभच वळेना. शेवटचा फ्यूज हातात धरून ते रडकुंडीला आले. माझीही पाचावर धारण बसली. आणखी एक दणका बसता, तर पोटातल्या तारा जळून मी भंगारात गेलो असतो.

तेवढ्यात काकांचे हातवारे ओळखून डॉक्टरबाई रस्त्यात येऊन उभ्या राहिल्या.

"आधी एसीची बटणं बंद करा! यांची दाढ उघडी टाकून आलेय मी. भूल उतरली ना, तर हे बोंबलत तुमच्याच दारात येऊन बसतील!"

"मग लाईट आलेली कळणार कशी?" वरच्या मजल्यावरच्या आजींनी विचारले.

"एक बल्ब चालू ठेवा की, आजी!"

इतक्या वर्षांत हे कोणाला सुचलेच नव्हते. पटापट बटणे बंद झाली. काकांनी जीव मुठीत धरून फ्यूज बसवला. टिकला! मला इतके हलके कित्येक वर्षांत वाटले नव्हते. काका माझ्याकडे वळूनही न पाहता खुर्चीकडे पळाले, पण मला मुळीच राग आला नाही.

मित्रांनो, लाईट गेली की बटणे बंद करा, आली की एकेक लावा. माझ्या जोडीला मोठा ट्रान्सफॉर्मर येणार आहे म्हणतात. तो येईपर्यंत एवढे सांभाळून घ्या. काकांच्या अजून तीन दाढा कोरायच्या आहेत.