कुरवाची हाक

"पुन्हा वाजला तुझा," ओडवार म्हणाला. "बाळ की नेटवर्क?"

इंगुनने थरथरणारा मोबाइल टेबलावर पालथा घातला. "बाळ. कूस बदलली असेल."

"पोरं कूस बदलतातच. त्याची बातमी होत नाही."

ती हसली, पण डोळे खिडकीकडे गेले. बाहेर बर्फ भुरभुरत होता. टेकडीवरच्या पाळणाघराच्या ओसरीत, लोकरीच्या पिशवीत गुरफटलेला ईवर बाबागाडीत झोपला असणार. गावातली सगळी पोरं अशीच उघड्यावर झोपून मोठी झाली होती, ती स्वतःसुद्धा. तरी रजा संपवून कामावर येताना तिने गाडीत पाळत ठेवणारं यंत्र बसवलंच. पाळणाघरातली बाई एवढंच म्हणाली होती, "ठेव हो. पण आम्ही इथंच असतो."

कामही तिला पाळतीचंच मिळालं होतं. नगरपालिकेचं नेटवर्क, म्हणजे शाळा, पाणीपुरवठा, वृद्धाश्रम, हे सगळं ओडवारने स्वतः लिहिलेल्या एका प्रोग्रामवर वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. कुठली लाइन तुटली की खोलीतल्या स्पीकरमधून कुरव हा समुद्रपक्षी ओरडायचा. आवाज ओडवारच्याच होडीच्या धक्क्यावर टिपलेला. इस्टरला तो निवृत्त होणार होता, आणि त्या प्रोग्रामच्या खाचाखोचा दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हत्या. म्हणून तीन तयार सॉफ्टवेअर चाचणीला लावली होती. शुक्रवारपर्यंत इंगुनने त्यातलं एक निवडून वरिष्ठ बाईंना, तुरिडला, सांगायचं होतं.

तिचा कल पहिल्याकडे होता. ते काही म्हणता काही सोडत नसे. इशाऱ्याच्या मर्यादा तिने मुद्दामच इतक्या खाली आणल्या होत्या, की कुठे जरा वेग मंदावला तरी मोबाइल गुणगुणायचा.

थोड्या वेळाने कुरव ओरडला. एकदाच. ओडवारने कॉफी खाली ठेवली, पडद्यावर नजर टाकली आणि सरळ फोन उचलला. "वृद्धाश्रम का? तुमच्या घंटांची लाइन गेलीय. एकेका खोलीत डोकावून या. आत्ता."

पलीकडे नुसती धावणारी पावलं. मग परिचारिकेचा आवाज आला. म्हातारी बोर्गहिल्ड न्हाणीघरात घसरून पडली होती. मदतीची दोरी ओढत होती, घंटा वाजत नव्हती. मोडलंबिडलं काही नाही, पण गारठलीय, आणि कुणी आलं नाही म्हणून भयंकर चिडलीय.

इंगुनने मोबाइल सुलटा केला. निरोप आला होता, कुरवाच्याही आधी. त्याच्या वर-खाली बाकीची जत्रा: प्रिंटर मंद. शाळेची लाइन मंद. ईवर हलला. ईवर हलला.

"मला कळवलं होतं," ती म्हणाली. "मी पालथा घालून ठेवला."

ओडवारने कपात कॉफी ओतून तिच्यापुढे सरकवली. "माझाही पक्षी काही शहाणा नाही. मी खोलीत असलो तरच त्याच्या ओरडण्याला अर्थ. लेक लांब ट्रॉम्सो शहरात असते, पण एकाही नाताळला गेलो नाही तिच्याकडे. का, ठाऊक आहे?"

"तुला विमान आवडत नाही म्हणून."

"तसं मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वृद्धाश्रमाला आधी कळवलं, तिथली माणसं दारोदार उभी केली आणि तिन्ही सॉफ्टवेअरची परीक्षा म्हणून केबल स्वतःच उपटली. पहिल्याने इशाऱ्यांचा पाऊस पाडला. दुसऱ्याच्या पडद्यावर देखणा नकाशा फिरत राहिला आणि बातमी सावकाश आली. तिसरं दिसायला सरकारी अर्जासारखं रूक्ष. कोण कोणावर अवलंबून, ते त्याला एकदा नीट समजावून द्यावं लागे. पण मग फांदी मोडली तर ते पानापानाचं रडगाणं गात नसे. एकच निरोप पाठवायचं, आणि एका माणसाने तो उचलला नाही तर दुसऱ्या माणसाला उठवायचं.

"हे?" तुरिड म्हणाली. "अगं, त्या नकाशावर सगळेच लट्टू आहेत."

"नकाशा बघत बसणार कोण? परवा मला कळवलेलं मीच ऐकलं नाही, तुरिड. मला कमी बोलणारं हवंय."

"बरं बाई. झोपेतून उठायचंय तुलाच."

त्या संध्याकाळी इंगुनने बाबागाडीतलं यंत्र काढून पिशवीत टाकलं. पाळणाघरातल्या बाईने पाहिलं आणि ईवरची टोपी तेवढी नीट केली.

इस्टरच्या आदल्या आठवड्यात जुना प्रोग्राम बंद करायचा होता. छपरांवरचा बर्फ थेंबाथेंबाने गळत होता.

"नव्यात हवा तो आवाज घालता येतो," इंगुन म्हणाली. "कुरव राहू दे?"

"नको. तो कशाला ओरडतोय, ते पुढच्यांना कळायचं नाही." ओडवारने एक ओळ टाइप केली. जरा थांबला आणि मग कळ दाबली. पडदा काळा झाला. खोलीत एक बारीकशी घरघर कायम असायची, हे ती थांबल्यावरच कळलं.

तो कप धुवायला उठला. तेवढ्यात बंदराच्या बाजूने, मासळीगोदामाच्या छपरावरून कुरव ओरडला. खराखुरा.

ओडवारचा हात फोनवर गेला होता. त्याने रिसीव्हर उचलला, क्षणभर तसाच धरला, मग बाहीने त्यावरची धूळ पुसली आणि जागच्या जागी ठेवून दिला.