डाव्या पायाचा फर्मा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फर्मा आहे. फर्मा म्हणजे काय हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. बूट हवेत शिवता येत नाही. तो शिवायचा तर आत एक पाऊल असावं लागतं, आणि गिऱ्हाईक काही आठ-आठ दिवस आपला पाय दुकानात ठेवून जात नाही. म्हणून कारागीर लाकडाचं पाऊल ठेवतो, त्यावर ओलं चामडं ताणतो, खिळ्यांनी पक्कं करतो आणि सुकू देतो. ते लाकडी पाऊल म्हणजे मी. माझ्यावर घडलेल्या बुटांनी अर्धं शहर पालथं घातलं, पण मी स्वतः आजवर जागचा हललेलो नाही.

मी देखणा नाही, हे आधीच सांगून टाकतो. जन्मलो तेव्हा मात्र होतो. गुळगुळीत, रेखीव, अंगावर मापाचा आकडा ठोकलेला. माझ्यासारखी शंभर भावंडं होती आणि आमच्यात डावं-उजवं यापलीकडे काही फरक नव्हता. मग आम्ही एका बूट शिवणाऱ्याच्या दुकानात आलो. दुकान कसलं, एक बोळच म्हणा ना. एक खिडकी, एक कामाचं टेबल, पाठीमागे पडदा, आणि पडद्याआड छतापासून दोऱ्यांना लटकणारे आम्ही.

आमचा कारागीर फारसा बोलत नसे. त्याला कारणही होतं. काम करताना त्याच्या ओठांत नेहमी चार-पाच बारीक खिळे धरलेले असत. बोलला तर खिळे पडायचे. गिऱ्हाइकांना वाटे, माणूस तुसडा आहे. तसं काही नव्हतं.

एके दिवशी एक तरुण मुलगी दुकानात आली. इस्पितळात नुकतीच नर्स म्हणून लागली होती. लहानपणीच्या आजारपणात तिचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड राहिला होता, तळवा कमानीसारखा उचललेला, बोटं आत वळलेली. ती खाली बघत म्हणाली, "दोन्ही बूट सारखे दिसले पाहिजेत. वॉर्डात कुणाला कळता कामा नये."

कारागिराने नुसती मान हलवली. ती गेल्यावर त्याने मला खाली काढलं आणि तासायला घेतलं. माझी बोटं आखूड केली, पुढचा भाग वळवला, कमानीखाली चामड्याचे तुकडे एकावर एक ठोकले. माझं रूप गेलं ते त्या दिवशी. मी पडद्याआडून रडलो असतो, पण पंधरा दिवसांनी ती मुलगी नवे बूट घालून दुकानात इकडून तिकडे चालली. मग पुन्हा चालली. मग उगाचच तिसऱ्यांदा चालली, आणि माझं रडू कुठल्या कुठे पळालं. तिच्या उजव्या पायाला कुठलाही फर्मा चालत असे. डाव्या पायाला मात्र जगात मी एकटाच होतो.

ती पहिल्यांदा आली तेव्हापासूनच आमच्या दुकानात तिचं नाव पडलं नर्सबाई. दर वर्षा-दोन वर्षांनी त्या नवे बूट करायला येत. कारागीर ओठांतले खिळे हातावर काढून विचारी, "टोचतंय का कुठे?"

"छे हो! अगदी छान आहेत. काही दुखत नाही," नर्सबाई म्हणत. वर्षानुवर्षं हेच उत्तर, अगदी पाठ केल्यासारखं.

नवे बूट घालून त्या गेल्या की कारागीर त्यांच्या जुन्या बुटात हात घालायचा. आतलं अस्तर कुठे झिजलंय, कुठे फुगलंय, ते बोटाने चाचपायचा. मग चामड्याचा एखादा नवा तुकडा कापायचा, कानावरची पेन्सिल काढून त्याच्या आतल्या बाजूला काहीतरी खरडायचा आणि तो तुकडा माझ्यावर ठोकायचा. काय लिहितो ते मला कधी कळलं नाही. तुमच्या पाठीवर कुणी काही लिहिलं तर तुम्हाला तरी वाचता येईल का?

मला स्वतःला नर्सबाईंनी कधीच पाहिलं नाही. मी कायम पडद्याआड. पण एकदा त्या म्हणाल्या, "आज एक नवी मुलगी विचारत होती, बाई, तुम्ही इतक्या भरभर कशा चालता?" तेव्हा कारागीर असा हसला की तोंडातले सगळे खिळे खाली सांडले. माझ्या आयुष्यातलं तेवढंच कौतुक, पण ते मला पुष्कळ झालं.

पुढे कारागिराची नजर मंदावली, हात थरथरू लागला. एक दिवस दुकान उघडलं नाही. मग काही महिन्यांनी अनोळखी माणसं आली, आम्हाला पोत्यांत भरलं आणि भंगारवाल्याच्या हवाली केलं. तिथून मी एका जुन्या वस्तूंच्या दुकानात पोचलो. त्या दुकानदाराची एक खोड होती. तो पुढच्या फळीवरच्या वस्तू पुसून लखलखीत ठेवी आणि मागच्या वस्तूंवरची धूळ मुद्दाम तशीच राहू देई. म्हणे, "धूळ असली की माणसाला वाटतं, हे मीच शोधून काढलं." त्याने मला टेबलाखालच्या एका टोपलीत टाकलं. माझ्या सोबतीला एक कान तुटलेली किटली होती. तिची बडबड ऐकता ऐकता वर्ष गेलं.

आणि एका सुट्टीच्या दिवशी हौशी आली. हे तिचं घरातलं नाव, आणि अगदी शोभणारं. जुन्या वस्तूंचं दुकान दिसलं की तिचे पाय आपोआप तिकडे वळत. ती पुढच्या लखलखीत फळ्यांकडे ढुंकूनही बघत नसे. सरळ मागे जायची, खाली वाकायची, टेबलांखाली डोकं घालायची. वस्तू हातात घेऊन वजन बघायची, वास घ्यायची, उलटी करून तळ बघायची. तिने मला बाहेर ओढलं आणि म्हणाली, "अय्या, किती गोड आहे हे!"

मला गोड म्हणणारी ती पहिलीच. खोटं कशाला बोलू, मी विरघळलो.

हौशीच्या घरात माझ्यासारखे बरेच निवृत्त लोक होते. एक लाकडी शिडी टॉवेल वाळवण्याच्या कामाला लागली होती. तराजूच्या पितळी पारड्यात लिंबं बसली होती. दुधाच्या कॅनमध्ये छत्र्या उभ्या होत्या आणि त्याचा त्या कॅनला विलक्षण अभिमान होता. हौशीचे वडील तिच्याकडेच राहत. ते म्हणायचे, "मी जरा स्वस्थ बसलो की ही माझ्याकडेही निरखून बघते. कुठल्या कोपऱ्यात शोभेन, याचा विचार करते बहुतेक."

मला दारामागच्या फळीवर जागा मिळाली. खाली बसायला बाक, वर मी, शेजारी वाळलेल्या फुलांची बाटली. पाहुणे मला हातात घेत, फिरवून बघत, छान म्हणत. मी तिथे सुखात होतो, हेही सांगितलं पाहिजे.

मग हौशीच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मलमपट्टी करायला, त्यांना धरून चालवायला घरी नर्स येऊ लागली. दार उघडलं आणि मला आधी बूट दिसले. डावा बूट कडेला फाटला होता, जाड दोऱ्याने टाके घातले होते. मी तो ओळखला. तो माझ्याच अंगावर घडला होता, आमच्या कारागिराच्या हातचा शेवटचा. वर पाहिलं तर केस पांढरे झालेल्या नर्सबाई!

त्या बाकावर बसल्या, बुटांचे तळ पुसले आणि आत गेल्या. मी त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर होतो. पण ज्याला कधी पाहिलंच नाही त्याला ओळखणार कसं? त्या पाय ओढत चालत होत्या. ते पाहून मला किती वाईट वाटलं, मित्रांनो, ते कसं सांगू!

एका गुरुवारी हौशी कामावर गेलेली असताना वडिलांनी त्यांना विचारलं, "बाई, तुमचाच पाय दुखतोय की काय?"

"छे, काही दुखत नाही," नर्सबाई म्हणाल्या. मग पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "बूट संपलेत हो. नव्या बूटवालीकडे गेले होते. ती म्हणाली, असा पाय नुसत्या मापाने नाही जमायचा, जुना फर्मा असेल तर आणा. तो केव्हाच कुणाच्या तरी चुलीत गेला असेल. तुम्हाला एकदा चालतं केलं की मीही घरी बसणार. तुमचं घर शेवटचं."

मी इथे आहे, मी इथे आहे, असं मी मनातल्या मनात किती ओरडलो! वडिलांना फर्मा हा शब्दच माहीत नव्हता. त्यांच्या लेखी मी 'हौशीचं लाकडी पाऊल' होतो.

आणि नेमकं त्यानंतरच्याच रविवारी हौशीच्या मनात आलं की मला पांढरा रंग द्यावा. कुठल्याशा मासिकात तिने तसा एक पाहिला होता. तिने अंगणात वर्तमानपत्र पसरलं, मला मांडीवर घेतलं आणि सँडपेपरने माझा अंगठा घासायला लागली. घासून घासून तो तिने छान गोल केला. चामड्याचे काळपट तुकडे मात्र घासले जाईनात. मग तिने पक्कड आणली. एक तुकडा उपटला, केराच्या डब्यात टाकला. दुसरा उपटला, टाकला. मला त्या खिळ्यांचं दुःख नव्हतं. प्रत्येक तुकड्याबरोबर नर्सबाईंचं एक-एक वर्ष माझ्या अंगावरून निघून जात होतं, आणि माझ्यावाचून त्यांना चालता येणार नव्हतं.

तिसऱ्या तुकड्याच्या आतल्या बाजूवर ऊन पडलं आणि हौशीचा हात थांबला. तिने तो डोळ्यांजवळ नेला आणि हळू वाचलं, "करंगळी दुखते. विचारलं तर नाही म्हणतात. अस्तर खरं सांगतं."

तिने पटकन केराच्या डब्यातून आधीचे दोन काढले. "टाचेला सूज. बाई बोलत नाहीत. जागा वाढवली." "उभं राहण्याचं काम वाढलेलं दिसतं. चवडा पसरलाय." मग तिने राहिलेले तुकडे अगदी जपून सोडवले. सगळ्यांत आतल्यावर लिहिलं होतं, "नर्सबाई. डावा. दोन्ही बूट सारखे दिसावेत. कुणाला सांगायचं नाही."

इतकी वर्षं माझ्या पाठीवर काय लिहिलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

हौशी तुकडे घेऊन वडिलांकडे धावली. त्यांनी ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, याला फर्मा म्हणतात का? बाई हाच तर शोधतायत!"

हौशीने माझ्या गोल अंगठ्यावर बोट ठेवलं. "बाबा, मी घासला हो तो," एवढंच ती म्हणाली.

मंगळवारी नर्सबाई आल्या तेव्हा टेबलावर टॉवेल पसरून मला ठेवलं होतं, शेजारी तुकडे ओळीने. हौशी मुद्दाम रजा काढून थांबली होती. ती म्हणाली, "तुमची एक वस्तू माझ्याकडे आलीय. आणि मी ती खराब करून ठेवलीय."

नर्सबाईंनी मला उचललं. आमची पहिली भेट ती. माझ्या कमानीवरून त्यांनी हात फिरवला, मग एक-एक तुकडा उलटून वाचला. वाचता वाचता खुर्ची ओढून बसल्या.

"म्हणजे त्यांना सगळं कळत होतं," त्या म्हणाल्या, आणि रुमाल शोधू लागल्या. "मला वाटायचं, मी किती बेमालूम लपवते!"

मग त्यांनी एक गोष्ट केली. त्या दोघांसमोर डावा बूट काढला, मोजा काढला आणि पाय टॉवेलवर माझ्या शेजारी ठेवला. "चला," त्या हौशीला म्हणाल्या, "हातोडी आणा. कुठला तुकडा कुठे, ते मी सांगते."

संपूर्ण सकाळ त्यात गेली. जुनी भोकं शोधून हौशी खिळे ठोकत होती आणि अधूनमधून स्वतःचं बोटही. वडील खुर्चीत बसून नको तितक्या सूचना देत होते. सगळे तुकडे जागच्या जागी बसले. अंगठा मात्र गोलच राहिला. घासलेलं लाकूड परत येत नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. जुन्या वस्तू जरूर शोधा, घरी आणा, सजवा. हौशीने टेबलाखाली डोकं घातलं नसतं तर मी आज खरंच राख होऊन गेलो असतो. तिचे उपकार मी विसरणार नाही. पण आमच्या अंगावर जे वाकडं, चिकटवलेलं, काळवंडलेलं दिसतं, त्याला हात लावण्याआधी थोडं थांबा. ते तिथे कशासाठी आलं, कुणासाठी आलं, ते आधी विचारा. दुकानदाराला विचारा, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आम्ही सांगू शकत नाही.

आता मी पुन्हा कामाच्या टेबलावर आहे, त्या नव्या बूटवालीच्या. पहिल्या दिवशी तिने मला फिरवून बघितलं आणि विचारलं, "अंगठा कुणी घासलाय?"

"मी," हौशी म्हणाली.

"वाटलंच," बूटवाली म्हणाली आणि चामडं भिजत घालायला उठली.

काल बूट कच्चा तयार झाला. नर्सबाईंनी तो घातला, उभ्या राहिल्या, चार पावलं चालल्या. हौशी भिंतीला टेकून श्वास रोखून बघत होती.

"टोचतंय का कुठे?" बूटवालीने विचारलं.

"छे हो, अगदी छा..." नर्सबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी हौशीकडे पाहिलं, मग बुटाकडे. आणि बाकावर बसून म्हणाल्या, "टोचतंय. अंगठ्यापाशी. चांगलंच टोचतंय."

"मी घासला तिथेच," हौशी पुटपुटली.

"मग तिथेच एक तुकडा लावू," बूटवाली म्हणाली आणि कात्री शोधू लागली. "पण आठ दिवस लागतील."

"आठ नाही चालायचे," नर्सबाई म्हणाल्या. "मंगळवारच्या आत द्या. मंगळवारी हिच्या वडिलांना जिना चढवायचाय, आणि बुधवारपासून मी नव्या पेशंटचं एक घर घेतलंय."