दिवसाची आग

टक्. ओट्यावर निवायला ठेवलेल्या जर्दाळूच्या मुरंब्याच्या एका बरणीचं झाकण आत बसलं. दुपारच्या सामसुमीत तेवढा आवाजही येर्त्साला मोठा वाटला. बाकावर नुकताच डोळा लागलेली तिची लेक नेझा कूस बदलून पुन्हा निजली. टेबलापलीकडे गावकऱ्यांच्याच आगीच्या बंबाचे प्रमुख फेलिक्सकाका टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. बोलायला सुरुवात कुठून करावी हे त्यांना सुचत नव्हतं. ते कशासाठी आलेत, हे तिला मात्र दारातच कळलं होतं.

“कोलारच्या गोठ्याला आग लागली त्यात दोन गाई गेल्या,” ते हळूच म्हणाले. “भोंगा वाजून वाजून थकला. आलं कोण? मी आणि आपली पोस्टवाली पोलोना. बाहेरून पाणी मारलं, पण धुरात शिरायला हवेची टाकी आणि मुखवटा लावून दोघं लागतात. मला डॉक्टर मुखवटा लावू देत नाही आणि पोलोनाला मी एकटीला सोडलं नाही. गोठ्याच्या दाराशी रडत उभी होती पोर.”

“गावात माणसं नाहीत का, काका?”

“रात्री आहेत की! दिवसा सगळे सीमेपलीकडे ऑस्ट्रियात कामाला, तुझा नवरा गोराझ्दसुद्धा. आता आगीलाच सांगावं म्हणतो, बाई गं, संध्याकाळची लागत जा.”

येर्त्साला हसू फुटलं, आणि लगेच तिचं तिलाच वाईट वाटलं.

“जे घरी उरतात त्यांच्याकडे माणसं मागत दारोदार फिरलो. बंबाच्या वर्गणीसाठी नववर्षाचं कॅलेंडर घेऊन गेलो की हेच लोक आग्रह करकरून पाजतात. आता काय, तर कंबर धरलीय! त्या ड्रागोची कंबर लग्नात नाचताना बघ एकदा.”

“म्हणून माझ्याकडे आलात.”

“शाळेत असताना बंबाच्या स्पर्धेत तू नळ्या जोडायचीस, तेव्हा पोरं तोंडात बोटं घालायची.”

“तेव्हा पदरात लेकरू नव्हतं, काका.”

“भोंगा झाला की माझी बायको मारिया येईल नेझापाशी. कुरकुरेल, पण येईल.” ते खाली बघत म्हणाले, “तुझ्यापासून लपवत नाही, पोरी. तू आणि पोलोना आत गेलात, तर बाहेर आणखी दोघं मुखवटा लावून तयार हवेत. ते अजून मिळाले नाहीत.”

येर्त्सा निजलेल्या लेकीकडे पाहत राहिली. त्या दिवशी गाईंचा हंबरडा इथवर आला होता. नेझाच्या कानी पडू नये म्हणून तिने खिडकी लावून घेतली होती, आणि काचेला पाठ लावून तो थांबेपर्यंत उभी राहिली होती.

“बूट माझ्या मापाचे आणा,” ती म्हणाली. “स्पर्धेत तुमचे घालून धावले होते, पाय सोलून निघाले.”

फेलिक्सकाकांनी मान डोलावली. ते टोपी घालून दाराकडे वळले, तोवर नेझा उठून बसली होती.

“आई, कुठे जाणार तू?”

“कुणाच्या घराला आग लागली ना, की आत अडकलेल्यांना बाहेर आणायला.” येर्त्साने तिचे घामेजलेले केस मागे सारले. “मी आणि पोलोनामावशी.”

नेझाने जरा विचार केला.

“आणि तुम्हीच अडकलात, तर तुम्हाला आणायला कोण येणार?”

येर्त्साने फेलिक्सकाकांकडे पाहिलं. ते कडीला हात लावून तसेच उभे होते.