तोरणाखालची फियाट

पैज लागली ती शालिग्रामच्या दुकानापुढच्या बाकड्यावर, चहा पिता पिता, आणि निव्वळ रिकामटेकडेपणातून. समोर पुंजाजीच्या अंगणात, टिनाच्या शेडखाली, विटांवर चढवलेली जुनी डुक्कर फियाट उभी होती. पुढून नाक फुगलेलं, मागून बूड गोल. लोकांनी नाव काही उगाच ठेवलं नव्हतं. मलकापूरच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. एसटी डेपोतून हेडमेकॅनिक म्हणून रिटायर झालेल्या पुंजाजीनं ती भंगारातून उचलली, पत्रा ठोकला, इंजिन बोलतं केलं, सायीसारखा रंग मारला. राहिलं होतं फक्त वायरिंग आणि आतली सजावट. हे 'फक्त' मात्र संपता संपत नव्हतं.

"भाऊ, हे डुक्कर जागचं हालत नाई," शालिग्राम म्हणाला. "याच्यात पिल्लं होतीन, पन हे चालनार नाई."

पुंजाजीनं बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या. पोळा अजून दोन-तीन महिने लांब होता. "पोयाले नेतो. बैलाच्या रांगेत, तोरनाखाली. ढकलत नाई, चालवत."

"नेली त मी बैल होतो. झूल, शिंगं, सारं. चार पायावर उभा राह्यतो तोरनाखाली. अन् नाई नेली त तुमच्या मिशा."

त्या मिशांवर पुंजाजीचा जीव होता. तरी त्यानं हात पुढे केला. शेजारच्या युसूफ टायरवाल्यानं दोघांच्या हातावर हात मारून पैज पक्की केली आणि बैलाचा चारा आपल्याकडून, असं जाहीर करून टाकलं.

शालिग्रामचा धंदा मांडव-बिछायत आणि लायटिंगचा, पण खरा धंदा लोकांच्या खोड्या काढायचा. पन्नाशी उलटली तरी अंगातला वांडपणा गेला नव्हता. एकदा त्यानं युसूफच्या टायरांच्या चळतीत स्पीकर लपवला आणि दुकानात बसून माइकवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावानं हाका मारल्या. तेव्हापासून गल्लीत एक कायदाच झाला होता. कोणाचं दूध नासो की कोणाची चप्पल हरवो, नाव शालिग्रामचं. त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. उलट न केलेल्या खोडीचं श्रेय मिळालं की तो दिवसभर खूश.

पुंजाजीनं गाडीतली सगळी जुनी वायर ओढून काढली होती. तिच्यावरचं कापड हात लावला की भुगा होत होतं. आता तो फळीवर खिळे ठोकून वायरींचा नवीन जुडगा बांधत होता. हेडलाइटची वायर इकडून, डायनामोची तिकडून, आणि सगळ्यांना मेणाच्या दोऱ्यानं गाठ. टेप त्याला चालत नसे. टेप म्हणजे आळशी माणसाचं काम, असं तो म्हणायचा. शालिग्राम दुपारी तिथं जाऊन बसायचा. पैज जिंकायची म्हणून आडवं बोलायचं आणि मागितलं की पक्कडही द्यायची. एकदा त्यानं मागच्या काचेला लग्नातली लुकलुकणारी माळ लावून ती ब्रेकला जोडली. पुंजाजीनं ब्रेक दाबला आणि गाडी नवरीसारखी चमकली. म्हातारा हसून हसून खाली बसला होता.

मग एके सकाळी, आदल्या दिवशी गाडीत बसवलेला जुडगा उपसून जमिनीवर पडलेला दिसला. पुंजाजी लाल झाला होता.

"शाल्या, माह्या गाडीले हात कोनं लावला?"

शालिग्रामनं हात झटकले. आठ दिवसांत पुन्हा तेच झालं. मग पुन्हा. पुंजाजीचं म्हणणं एकच, कोणीतरी कच्चा मेकॅनिक येऊन माझ्या गाडीत भलतंच वायरिंग करून जातो आणि मला ते काढावं लागतं. गल्लीनं शालिग्रामकडे बघितलं. युसूफनंही त्याला बाजूला घेऊन सांगितलं, पैजेसाठी म्हाताऱ्याचं काम बिघडवणं बरं नाही. पुंजाजीची बायको झुंबरबाई तर भर रस्त्यात बोलली. तुमच्या खोड्या आम्ही हसण्यावारी नेल्या, पण आता पुरे करा, म्हणाली. शालिग्रामनं आईची शपथ घेतली. त्याच्या शपथेला गल्लीत काय किंमत असणार? न केलेली खोडी पहिल्यांदाच त्याला बोचली.

चोर पकडायचाच म्हणून तो एका सकाळी युसूफच्या टायरांआड दबा धरून बसला.

चोर कडी उघडून आला नाही. घरातून आला. चहा पिऊन, बाह्या सारून. पुंजाजी गाडीत वाकला, डॅशबोर्डखाली बघितलं, आणि मान हलवत त्यानं कालच्या आपल्याच गाठी सोडायला सुरुवात केली. घाई नाही, राग नाही. लेकीची वेणी सोडावी तशी एकेक वायर मोकळी करत होता. मधेच एका गाठीवर थांबला. तिच्यावरून अंगठा फिरवत बराच वेळ तसाच उभा राहिला. मग तीही सोडली.

शालिग्राम टायरांआडून उठलाच नाही. पाय आखडले तरी उठला नाही.

दुपारी पुंजाजी झोपल्यावर तो झुंबरबाईकडे गेला. ती ओट्यावर तूर पाखडत होती. त्यानं बघितलेलं सगळं सांगितलं. तिचं सूप हलायचं थांबलं नाही.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"मंग मले काऊन बोलल्या, वहिनी? चारचौघांत?"

"तुमीच करून राह्यले असं म्हनलं की बरं वाटे." सूप थांबलं. "चहात मीठ टाकलं तुमी नाई, ह्यायनंच टाकलं. चप्पल फ्रिजमध्ये ठेवली. पोरीच्या लग्नाले कोन आलतं, ते मले इचारते. म्या म्हनलं, शालिग्राम भाऊची खोडी असंन. खोडी असली त घरचा मानूस बरा राह्यते ना."

अकोल्याच्या डॉक्टरनं महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, हे उतरणीला लागलं आहे आणि उतरण किती लांब ते सांगता येत नाही. घरातलं विसरेल, माणसं विसरेल. हातातलं काम शेवटी विसरेल. तिनं हे लेकीलाही सांगितलं नव्हतं. पुंजाजी सकाळी उठला की आधी गाडीबद्दल विचारतो, एवढं एकच अजून टिकून आहे, म्हणाली. ती आपलीच गाडी आहे हे कळत असताना एकदा तरी ती त्याला चालताना दिसावी. नंतर दिसून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी पुंजाजीनं विचारलं, वायरिंग कोणी बिघडवलं? शालिग्राम कान पकडून म्हणाला, मीच. पुंजाजीनं त्याला पोटभर शिव्या दिल्या आणि त्याचा चेहरा असा मोकळा झाला की शालिग्रामनं रोज कान पकडायचं ठरवून टाकलं.

पण कबुलीनं गाडी चालणार नव्हती. शालिग्रामनं युसूफला सगळं सांगितलं आणि तोड त्यानंच काढली. जे दिसतं तेच म्हातारा सोडतो ना, मग दिसूच द्यायचं नाही. दिवसभर पुंजाजीनं जेवढं बांधलं, तेवढ्यावर त्याच संध्याकाळी झाकण बसवायचं. दाराच्या वायरी झाल्या की दाराचं रेक्झिन ठोकायचं. खालच्या झाल्या की मॅटिंग चिकटवायचं. पुंजाजीच्या धर्माच्या हे उलट होतं. सगळं जोडल्यावर, एकेक दिवा पेटवून बघितल्यावर मगच झाकायचं, हा त्याचा डेपोतला नियम. तो रोज भांडायचा.

"बिना चेक करता बंद करते का बे? अंदर शॉट असला त?"

"असूंद्या भाऊ. माह्याच पैजेचा फायदा हाय."

मग तो गप्प व्हायचा आणि स्वतःच खिळे मारू लागायचा. नव्या रेक्झिनच्या दारावरून सकाळी त्याचा हात फिरायचा, कोणी केलं म्हणून तो विचारायचा, पण त्याखाली काय आहे ते आठवायचं नाही. अशी एकेक बाजू बंद होत गेली. गाडी भरत गेली तसा पुंजाजी रिकामा होत गेला. श्रावणाच्या मध्यावर त्यानं युसूफला डेपो मॅनेजर समजून सलाम केला. नंतर नंतर पक्कड हातात घेऊन, तिचं काय करायचं हे शोधत उभा राहायचा. शालिग्राम त्याचा हात धरून वायरीपर्यंत न्यायचा. वायर बोटांना लागली की बोटं आपोआप गाठ मारायची. शेवटची गाठ हॉर्नची. तीही त्यानंच मारली. हॉर्न वाजला नाही, पण आता उघडून बघायची कोणाची हिंमत नव्हती.

पोळ्याला आभाळ भरून होतं, पाऊस नव्हता. रस्त्यावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याखाली रंगवलेल्या शिंगांचे बैल दाटीनं उभे. रांगेच्या शेवटी फियाट आली, बैलाच्या चालीनं, धूर सोडत, दिवसाउजेडी दोन्ही दिवे पेटवून. गाडी युसूफ चालवत होता. शेजारी पुंजाजी, धुतलेलं धोतर, कोरी टोपी, मिशांना तेल. मागच्या सीटवर झुंबरबाई पूजेचं ताट मांडीवर घेऊन. लोक टाळ्या वाजवत होते. पुंजाजी खिडकीतून सगळ्यांना हात जोडत होता आणि मधेच युसूफला त्यानं अदबीनं विचारलं, "साहेब, गाडी कोनाची हाय? वायरिंग चांगलं केलं पोट्ट्यानं."

युसूफनं मान फिरवून दुसरीकडे बघितलं.

तोरणाशी शालिग्राम झूल पांघरून, पुठ्ठ्याची शिंगं कपाळाला बांधून तयार होता. जवळच्या दोघा-तिघांनी त्याला बाजूला घेतलं. पुंजाजीला पैज आठवत नाही, म्हणाले. सोडून दे, कोणी नाव ठेवणार नाही. शालिग्रामनं गळ्यातली घुंगरमाळ नीट केली.

"मले आठोते ना," तो म्हणाला, आणि चिखलात चार पायांवर उभा राहिला.

गर्दी फुटली हसून. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कोणी तोंडापुढे कडब्याची पेंढी धरली, कोणी शेपूट ओढलं. शालिग्रामनं हंबरून दाखवलं, डोकं हलवून घुंगरं वाजवली. कसर ठेवली नाही.

तेवढ्यात गाडीचं दार उघडलं. पुंजाजी उतरला आणि गर्दीतून वाट काढत त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. हसणं हळूहळू विझलं. पुंजाजी त्या बैलाकडे बघत होता, शिंगांकडे, झुलीकडे. त्यानं मागे हात केला. झुंबरबाईनं ताट पुढे धरलं. त्यानं हळद घेतली, तुपात कालवली, झूल मागे सारली आणि शालिग्रामच्या खांद्यावर दोन्ही हातांनी चोळू लागला. जू घासतं तिथंच, बरोब्बर. वर्षभर ओढलेल्या बैलाचे खांदे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी असेच चोळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात.

"आज आवतन घे," पुंजाजी त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "उद्या जेवाले ये."

कोणीतरी सांगायला पुढे झालं की आबा, ते आदल्या दिवशी असतं. झुंबरबाईनं त्याला हातानं अडवलं. पुंजाजी चोळत राहिला. शालिग्रामनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. तोरण तुटलं, बैल घराकडे पळाले, तरी तो तसाच चिखलात हात रोवून उभा होता.