पोच मिळेपर्यंत

आमच्या लॉन्ड्रीच्या मधोमध भिंत आहे. अलीकडची धुण्याची यंत्रं आणि बॉयलर आमच्या ह्यांचे, पलीकडचे ड्रायर भावोजींचे. सख्खे भाऊ, पण एका हॉटेलचे पांढरे टेबलक्लॉथ गुलाबी निघाले, तेव्हापासून दोघांत अबोला. लाल मोजा आत कोणी टाकला, हा वाद. एका मोज्यापायी भिंत घातली, बोला! ह्यांनी डोक्यात राख घातलेली, भावोजींच्या नाकावर राग, आणि मध्ये मी.

निरोप नेऊन नेऊन माझ्या पायांचे तुकडे पडायचे. हे म्हणायचे, "त्या गाढवाला सांग, चादरी तयार आहेत." मी भिंतीला वळसा घालून सांगायची, "भावोजी, चादरी तयार आहेत बरं का, सावकाश घ्या." गाढव वाटेत गाळायची. तरी काय उपयोग? भावोजींनी जाहीर केलंच, महिनाअखेर ड्रायर उचलून दुसऱ्या गावी जाणार. मी लग्न होऊन आले तेव्हा हा धाकटा दीर एवढासा होता, दिवसभर माझ्या मागेमागे असायचा.

भावोजींची लेक चिमी यंत्रांचं शिकलेली. ती म्हणाली, "काकू, आम्ही जाईपर्यंत तरी तुझे पाय वाचवू. यंत्रंच एकमेकांशी बोलतील." तिने प्रत्येक यंत्राला छोटीशी डबी जोडली, भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रीन लावला. आमची यंत्रं निरनिराळ्या कंपन्यांची, कुणाचं कुणाला कळत नाही. डबीतला प्रोग्राम सगळ्यांना एकच भाषा शिकवतो म्हणे. आणि तोही फुकट! जगभरातली माणसं मिळून लिहितात. कुणीही वापरावा, कुणीही सुधारावा. आमचा म्हातारा बॉयलर काही केल्या ऐकेना, तर चिमीने त्या मंडळींना विचारलं. माझा चहा निवायच्या आत कुठल्याशा देशातल्या बाईचं उत्तर आलं. तिच्याकडेही असलाच हट्टी बॉयलर आहे.

"ना ओळख ना देख, आणि एवढी मदत!" मी म्हटलं. "नाहीतर आमच्याकडे सख्खे भाऊ."

यंत्रांचा नियम एकच. निरोप गेला की पलीकडून पोच आली पाहिजे. नाही आली तर घंटी वाजते आणि निरोप पुन्हा जातो, पोच मिळेपर्यंत.

यंत्रं गुण्यागोविंदाने बोलू लागली. मी मात्र धास्तावले, कारण स्क्रीनवर आपल्यालाही लिहिता येतं हा शोध ह्यांना लागला. आता गाढव कोण गाळणार? ह्यांनी लिहिलं, "ड्रायरचा पट्टा किंचाळतोय. कान आहेत का?" पलीकडून पोच आली, पाठोपाठ उत्तर, "आधी तुझा बॉयलर बघ." मग काय, दिवसभर जुंपली! चिमीने कपाळाला हात लावला. मला मात्र उड्या माराव्याशा वाटल्या. भांडत का होईना, बोलत तर होते.

पण महिना संपला आणि ट्रक दारात आला तो आलाच. भावोजींनी ड्रायरच्या वायरी काढल्या. पहिला ड्रायर ट्रकमध्ये चढला. ह्यांनी मात्र रोजच्यासारखं एक यंत्र चादरींनी भरलं आणि चालू केलं.

"अहो, वाळवणार कुठे?" मी ओरडले.

"तू गप्प बस."

धुणं झालं. 'चादरी तयार', निरोप गेला. वायरी काढलेले ड्रायर पोच कुठून देणार? टिंग. पुन्हा टिंग. घंटीने सगळी लॉन्ड्री डोक्यावर घेतली. चिमी धावत आली.

"काका, ते बटण दाबा, बंद होईल."

"नाही दाबणार. पोच मिळेपर्यंत वाजायचं, असा नियम आहे ना? मग वाजू दे."

शेवटी भावोजी तरातरा भिंतीला वळसा घालून आले. भिंत घातल्यापासून पहिल्यांदा.

"दादा, बंद कर ते! डोकं उठलंय."

"तू उत्तर दे, होईल बंद."

भावोजी स्क्रीनसमोर आले. ह्यांचा आवाज एकदम खाली आला. "असं न बोलता निघून जातात होय रे? मी इथे एकटा काय करू?"

भावोजींनी बाहीने डोळे पुसले, बोट पुढे केलं आणि ड्रायरऐवजी स्वतःच स्क्रीनवर पोच दिली. घंटी थांबली.

"मग घे की चादरी," हे म्हणाले. "ओल्या किती वेळ ठेवायच्या?"

भावोजी दाराकडे वळून ट्रकवाल्यावर खेकसले, "बघतोस काय? उतरव तो ड्रायर!"

"आणि मोजा तूच टाकला होतास, गाढवा," हे मागून म्हणाले.

मी मध्ये पडले नाही. डोळे पुसले आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.