मला सावर म्हणू नका

अंगभर काटे दिसले की लोक मला सावर, म्हणजे काटेसावर, म्हणून मोकळे होतात. मित्रांनो, मी तिरफळाचं झाड आहे, आणि हे सांगून सांगून आता थकलो आहे.

तोंडवली गावामागचा डोंगर जिथे व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, टेकतो, तिथे बुलबुलाने टाकलेल्या एका काळ्या बीतून मी रुजलो. उघड्या कातळाच्या सड्यावर माझा निभाव लागत नाही. मला दगडांतली ओलसर माती लागते आणि करवंदीच्या जाळीची सोबत लागते. सावरीचं पान हाताच्या पंजासारखं. माझ्या देठाला मात्र दोन्ही बाजूंनी ओळीने पानं असतात. पण शिमग्याच्या दिवसांत माझ्या अंगावर एकही पान नसतं, आणि तिथेच घात होतो.

हौसाबाई मात्र कधी चुकली नाही. दर भाद्रपदात ती आकडीने माझे हिरवे घोस उतरवी आणि मिळेल त्या उन्हात वाळवी. बिया फेकून टरफलं तेवढी पुरचुंडीत बांधी आणि मुंबईला गिरणीत असलेल्या मुलाला, सत्यवानाला, धाडी. माझा वास मुंबईपर्यंत पोचतो, याचा मला केवढा अभिमान वाटे!

अठ्ठावन्न सालच्या शिमग्याला सत्यवान गावी आला. होळीत उभी करायची सावर तोडायचा मान त्यांच्या घराचा. तो कुऱ्हाड घेऊन थेट माझ्यापाशीच आला. दोन घाव बसले. मी उभ्या जागी कळवळलो. तेवढ्यात हौसाबाई धापा टाकीत वर आली.

"थांब रे सत्यवाना. ही सावर न्हय, तिरफळ. धा वर्सां मुंबयत बांगड्याच्या तिखल्यात काय घालतंस?"

सत्यवानाने घावाला नाक लावलं आणि कुऱ्हाड खाली ठेवली.

"आये, वास म्हायत होतो. झाड म्हायत नाय होता," तो म्हणाला.

आठ वर्षांनी हौसाबाई गेली. त्या भाद्रपदात माझे घोस उतरवायला कोणी आलं नाही. ते गळून व्हाळातून वाहून गेले. पुढच्या शिमग्याला सत्यवान एकटाच वर आला. त्याने जुन्या घावाची साल नखाने खरवडली आणि बोट नाकाशी धरलं.

"आवशीच्या हाताचो वास," एवढंच तो बोलला.

मित्रांनो, आता सत्यवानही येत नाही. येत्या शिमग्याला कुऱ्हाड दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल, आणि हौसाबाई धावत येणार नाही. घाव घालण्याआधी माझी साल एकदा खरवडून हुंगा. आईच्या हाताचा वास आला, तर कुऱ्हाड खाली ठेवा.